पायाची लहान शस्त्रक्रिया: आधी आणि नंतर या चुका टाळा

मांसात रुतलेले नख काढणे, तळव्यातले कुरूप कापणे, बोटाजवळची गाठ किंवा गळू काढणे, पायात मोडून राहिलेली काच शोधून बाहेर घेणे, या शस्त्रक्रियांना लहान म्हणतात, कारण त्या बहुधा स्थानिक भुलीखाली होतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. अडचण अशी की शस्त्रक्रिया लहान आहे हे ऐकले की घरातली माणसे पुढचे बरे होणेही लहानच समजतात. मी ठाण्यात शस्त्रक्रिया विभागाच्या ड्रेसिंगच्या खोलीत परिचारिका म्हणून काम करते. चिघळलेली जखम घेऊन परत आलेल्या रुग्णाशी शांतपणे बोलले, की बहुतेक वेळा चुकीचे मूळ शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात किंवा घरी गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सापडते. या चुका टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून त्या नीट मांडून ठेवत आहे.

हाताच्या जखमेपेक्षा पायाची जखम हट्टी असते, याची कारणे साधी आहेत. पाऊल हृदयापासून सर्वांत लांब असते आणि तिथले रक्त परत वर चढावे लागते, त्यामुळे पाय खाली सोडला की सूज येते. प्रत्येक पावलागणिक त्यावर अंगाचे वजन पडते, आणि रस्त्यावरची घाण व पाणी यांच्या सर्वांत जवळही तेच असते.

शस्त्रक्रियेच्या आधी

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे चालू असलेली औषधे न सांगणे. "नखाचेच तर काम आहे, त्याचा हृदयाच्या गोळीशी काय संबंध," असे अनेकांना मनापासून वाटते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तस्राव लांबतो, हे सर्जनला आधी माहीत असावे लागते. याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे: काही जण शेजाऱ्यांच्या सल्ल्याने या गोळ्या स्वतःच चार-पाच दिवस बंद करून येतात. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे, त्याने असे केले तर नखाच्या निमित्ताने जिवावर बेतू शकते. गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे सर्जन आणि ती गोळी लिहून देणारे डॉक्टर यांनीच ठरवायचे असते. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत आणणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण नावे आठवण्यात चूक होते आणि पाकिटावर होत नाही. आधी कधी भुलीच्या इंजेक्शनाने, एखाद्या प्रतिजैविकाने किंवा चिकटपट्टीनेही त्रास झाला असेल, तर तेही सांगावे.

मधुमेह असलेल्यांनी इथे थोडे थांबून वाचावे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि रक्तपुरवठाही मंदावतो, त्यामुळे जखम होते तेव्हा दुखत नाही आणि झाल्यावर लवकर भरत नाही. अशा रुग्णाच्या पायाच्या नाड्या तपासणे आणि गेल्या तीन महिन्यांतली साखर कशी होती ते एचबीएवनसी चाचणीतून पाहणे, ही शस्त्रक्रियेची तयारीच आहे. डॉक्टरांनी त्यासाठी तारीख पुढे ढकलली तर त्यात रुग्णाचेच हित असते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असते. ते कुरुपाबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही जाळू शकते, म्हणून मधुमेही व्यक्तीने त्या पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नयेत.

उपाशी राहण्याबद्दलही गोंधळ असतो. फक्त बोट बधिर करायचे असेल तर बहुधा उपाशी राहावे लागत नाही, उलट इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी आलेला रुग्ण टेबलावरच घामाघूम होतो. पूर्ण भूल किंवा झोपेचे इंजेक्शन द्यायचे असेल तर मात्र साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणीसुद्धा वर्ज्य असते. इथे नेमकी चूक होते ती चहाची. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो अन्नात धरला जातो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर त्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात, म्हणून तारीख ठरते त्याच दिवशी त्याबद्दल विचारावे.

तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट यांतल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि बोटांच्या टोकाला तर सगळ्या बारीकच वाहिन्या असतात. जखम भरेपर्यंत तरी हे सोडावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जोडव्यांविषयी स्पष्टच लिहिते. शस्त्रक्रिया होणाऱ्या पायातली जोडवी, पैंजण आणि बोटात बांधलेला धागा आदल्या दिवशीच काढावा. नंतर बोट सुजते, धातूचे कडे सुजत नाही, ते मांसात रुतत जाते आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मग ते कटरने कापावे लागते, आणि त्या वेळी सुजलेल्या बोटाला होणारी वेदना टाळता येण्यासारखी होती याचे वाईट वाटते. सौभाग्याचा अलंकार काढताना अनेकींना चुकल्यासारखे वाटते, घरातली मोठी माणसेही नको म्हणतात. दुसऱ्या पायातले जोडवे राहू द्यायचे का, हे सर्जनला विचारून घ्यावे. कित्येकदा तेवढ्याने घरातला प्रश्न सुटतो. नेलपॉलिश पुसून यावे, कारण नखाखालचा रंग पाहूनच रक्त नीट पोहोचते आहे की नाही ते आम्ही ठरवतो.

तारीख आणि घरी जाण्याची सोय

शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर जून ते सप्टेंबर हा काळ टाळता येतो का ते पाहावे. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात जोराच्या पावसात पाणी साचते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि ओल्या पट्टीने त्या पाण्यातून चालणे म्हणजे जंतूंना उघडी वाट करून देणे. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात आणि कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. जखम असताना अशा पाण्यात पाय पडला, तर घरी पोहोचताच पट्टी काढून पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावा, कोरडी पट्टी लावावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही हे तेच ठरवतील. पुढच्या पाच ते चौदा दिवसांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर "पावसाळी ताप" म्हणून अंगावर काढू नये.

एकट्याने येणे ही दुसरी चूक. भूल उतरलेली नसताना पाय जमिनीला टेकला आहे की नाही हेच कळत नाही, आणि ठाणे स्थानकाच्या जिन्यावर किंवा स्थानकाबाहेरच्या सॅटिस या उंच पुलावरच्या बसच्या रांगेत तो अंदाज चुकला तर पडायला वेळ लागत नाही. स्वतःची दुचाकी घेऊन येणारे तरुणही भेटतात. सोबत एक माणूस असावा, परतीसाठी रिक्षा किंवा कार असावी आणि कारमध्ये मागच्या सीटवर आडवे बसून पाय सीटवर ठेवता यावा. घर घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या बाजूला असेल, तर कोंडीत जाणारा वेळ धरून वेदनाशामक गोळी कधी घ्यायची हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. इमारतीला लिफ्ट नसेल तर जिन्याची सवय आदल्या दिवशी करावी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

पहिले दोन दिवस

भूल असेपर्यंत पाय दुखत नाही, आणि तेवढ्यात माणसाला वाटते की सगळे झाले. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा परिणाम तास-दोन तासांत ओसरतो, बुपिव्हाकेन हे दुसरे औषध दिले असेल तर काही तास अधिक टिकतो, आणि मग ठणका एकदम सुरू होतो, बहुधा रात्री. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी बधिरपणा जात असतानाच घ्यावी. ठणका डोक्यात गेल्यावर घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. मात्र दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असू शकते, तेव्हा एकूण मात्रा मोजावी. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

"पाय वर ठेवला होता," असे सगळेच सांगतात. नीट विचारले तर कळते की सोफ्यावर बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता. ते पुरेसे नाही. पाऊल हृदयाच्या पातळीच्या वर हवे, म्हणजे आडवे पडून पोटरीखाली दोन-तीन उशा घ्यायच्या आणि टाच अधांतरी ठेवायची. पहिले अठ्ठेचाळीस तास जागेपणीचा बहुतेक वेळ असे राहिले, तर ठणका आणि सूज दोन्ही स्पष्ट कमी होतात; मी सांगते त्या साऱ्या गोष्टींत हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. बर्फ लावायला सांगितले असेल तर तो कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटेच लावावा. बोट अजून बधिर असताना किंवा मधुमेहाने संवेदना कमी झालेली असताना लावू नये, कारण गारठ्याने कातडी मेली तरी कळत नाही.

याच्या उलट, दोन दिवस अजिबात न हलणे हेही चूकच. घोटा आणि गुडघा दर तासाला काही वेळा हलवावा, म्हणजे पोटरीतले रक्त साचून राहत नाही.

पट्टी आणि जखम

घरी गेल्यावर पट्टी आवळली जाते आहे का ते पाहावे. बोटाचे टोक दाबून सोडले की पांढरा झालेला रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा. बोटे निळसर, थंड किंवा मुंग्या आल्यासारखी वाटत असतील, तर आधी पाय उंच करावा आणि तरीही फरक पडला नाही तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करून पट्टी सैल करून घ्यावी.

हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट, गोळी फोडून टाकलेली पूड हे सारे जखमेवर लावलेले मी पाहिले आहे, आणि लावणाऱ्याची माया त्यात असते हेही मला कळते. पण हळद लावलेली जखम आम्हाला वाचताच येत नाही. सगळे पिवळे दिसते, पू कुठे आहे आणि हळद कुठे आहे हे धुतल्याशिवाय समजत नाही, आणि धुताना रुग्णाला पुन्हा सोसावे लागते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले डेटॉल हेही रोज वापरू नये. जंतूंबरोबर नव्याने भरणारी कोवळी कातडीही त्याने मरते.

वाळलेला गॉझ जखमेला चिकटला की ओढून काढण्याचा मोह होतो. तो ओढला की त्याच्याबरोबर आठवडाभरात भरत आलेला गुलाबी पापुद्रा निघून येतो आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. त्यावर सलाइन ओतून पाच-दहा मिनिटे थांबावे, कडेकडेने ओलसर होऊ द्यावा, मग तो आपोआप सैल होतो.

आंघोळीच्या वेळी पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर चिकटपट्टी लावावी आणि स्टुलावर बसून पाय बाहेरच्या बाजूला ठेवावा. पिशवी घालून ओल्या फरशीवर उभे राहिले तर घसरते.

रुतलेले नख काढून, ती कड पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल हे रसायन लावले असेल, तर जखमेतून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, पातळ पिवळसर पाणी झिरपते. ते पू नव्हे. याउलट ज्या खुणा पाहिल्या की थांबायचे नाही, त्या अशा: दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारा ठणका, पसरत जाणारी लाली, दाट आणि दुर्गंधीयुक्त स्राव, थंडी वाजून ताप, किंवा पायावर वर सरकणारी लाल रेघ. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे, आणि त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

पुन्हा घराबाहेर

पायाचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. जखम वरून सुकली म्हणून ते घरी कात्रीने कापू नयेत. सकाळच्या गर्दीच्या लोकलने जाण्याची घाई करू नये, कारण कुणाचाही बूट अंगठ्यावर पडू शकतो. उजव्या पायाची शस्त्रक्रिया झाली असेल तर अचानक पूर्ण जोराने ब्रेक दाबता येईपर्यंत कार चालवू नये. बंद गाडीत बसून तो जोर आधी लावून पाहावा. स्कूटरला पायाने ब्रेक नसला तरी सिग्नलला पाय टेकावाच लागतो, हे बरेच जण विसरतात. गणपतीच्या दिवसांत जखम असेल तर आरतीला घरात स्वच्छ मोजा घालून उभे राहावे. विसर्जन घाटावर अनवाणी जाऊ नये.

अंगठ्याचे पूर्ण नख परत यायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि ते येत असताना जुनी सवय परत येते: कोपरे गोल कापणे. नख आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावे, कोपरे बोटाच्या टोकापर्यंत येऊ द्यावे, टोचत असतील तर फक्त कानशीने घासावेत. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत आणि उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी.