स्पेसरला पॉलिश पेपर लावू नका

कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी जुनं टरेट मिलिंग मशीन आणलं, तेव्हा विकणारा म्हणाला होता, "बेअरिंग टाकली की मशीन नवं." टाकली. दोनदा टाकली. पहिली नवी जोडी वीस मिनिटं चालली.

आवाज आला म्हणून लगेच क्विल (स्पिंडल धरून वर-खाली सरकणारी नळी) खोलू नका. आधी बेल्ट उतरवा, स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, हातानं फिरवा, टेपरमध्ये (टूल बसतं त्या निमुळत्या भोकात) मोजायचा डायल लावा, मग स्पिंडल खालून उचलून बघा. माझ्या डायलचा काटा 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलत होता आणि हाताला खरखर लागत होती, त्यामुळं शंका उरली नाही. खोलण्याबद्दल काय सांगायचं, ते तुम्हाला येतंच. फक्त प्रत्येक भाग कुठल्या तोंडानं निघाला त्याचा फोटो काढा.

आता माझी चूक. खाली 7207 मापाच्या, पी4 म्हणजे जास्त अचूक दर्जाच्या बेअरिंगची जोडी होती, पाठीला पाठ लावलेली, आणि मधे दोन स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या), एक बेअरिंगच्या आतल्या रेससाठी, म्हणजे आतल्या कडीसाठी, एक बाहेरच्या. आतल्याच्या तोंडावर गंजाचे ठिपके होते. मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याला आठच्या आकड्यात घासलं. आरशासारखा झाला. मी खूश.

पाठीला पाठ जोडीत लॉकनट आतल्या रेस एकमेकींकडं ओढतो. त्यांच्यामधे काही मायक्रॉनची फट बनवतानाच ठेवलेली असते. नट आवळला की ती मिटते आणि तेवढाच प्रीलोड (बॉलवर आधीच दिलेला दाब) बसतो. मधे स्पेसर आले तरी दोघांची लांबी सारखी असेल तरच हे गणित टिकतं. आतला आखूड झाला की रेस ठरल्यापेक्षा जास्त ओढल्या जातात, बॉल दाबले जातात, स्पिंडल तापतं. बाहेरचा आखूड झाला तर उलटं: प्रीलोड जातो आणि कटला चॅटर, म्हणजे थरथर, येतो. स्पेसर दहा मिलिमीटरचा की वीसचा, याला काही अर्थ नाही. दोघांतला फरक बघायचा. माझा 14 मायक्रॉन निघाला. साध्या मायक्रोमीटरवर एक रेघ इकडंतिकडं दिसली होती, "चालतंय" म्हणून सोडली. शिवाय हातानं घासलेलं तोंड समांतर राहत नाही, तो त्रास वेगळाच.

मिनिटाला 1400 फेऱ्यांवर चालवलं, तर पंधराव्या मिनिटाला स्पिंडलच्या नाकावर (खालच्या टोकावर) हात ठेवता येईना. नंतर ग्रीस पातळ होऊन ठिबकायला लागलं. मिरजेहून जाणकार नाना आले, त्यांनी मशीनला हातही लावला नाही. "स्पेसर घासलास काय रं?" एवढंच विचारलं.

माझ्या पहिल्या उस्तादानं तीन वर्षं फक्त "हात लावू नको" शिकवलं. का लावू नको, हे सांगणारा माणूस गाठा, मग तो चारचौघांत तुम्हाला वेड्यात का काढेना.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. दोन्ही स्पेसर सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटवर एकाच वेळी ठेवा, एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड करा, उलटवून पुन्हा तसंच. डिमॅग्नेटाइझ करा, नाहीतर लोखंडाची भुकटी चिकटून बेअरिंगमध्ये जाईल. मग सरफेस प्लेटवर मायक्रॉन डायलनं फरक बघा. दोन मायक्रॉनच्या आत हवा. हा डायल उसना आणू नका, विकत घ्या.

बसवताना बाहेरच्या रेसवर ठोकाल तर धक्का बॉलमधून जातो आणि रेसवर खड्डे पडतात. मोबाइलवर कुणी गॅसच्या बत्तीनं बेअरिंग तापवताना दिसला तर पुढं सरका. खोलीपेक्षा 60 अंश जास्त तापवलं की 35 मिलिमीटरचं बोअर साधारण 25 मायक्रॉन फुगतं, तेवढं पुरतं. बाहेरच्या रेसवरच्या व्ही खुणा जुळवा, दोन जोड्यांतली बेअरिंग मिसळू नका. ग्रीस मोकळ्या जागेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच. "जास्त घातलं तर जास्त टिकेल" हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे, जास्त ग्रीस घुसळून तापतं.

पहिल्या दिवशी कमी फेऱ्यांवर सुरू करून टप्प्याटप्प्यानं वाढवा, मधे थांबून थंड होऊ द्या. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवाच चाळिशीला टेकते, म्हणून स्पिंडलचं तापमान नुसतं बघू नका, त्यातून शेडच्या हवेचं वजा करून बघा. दुसऱ्या जोडीला मी हे सगळं केलं तरी पहिला तासभर हात नाकावरच होता.

जळालेली जोडी भंगारात देऊ नका. तिच्या आतल्या रेसचं बोअर ग्राइंड करून थोडं सैल करा. पुढच्या वेळी नवी बेअरिंग दाबायला त्याच मापाचा ठोकळा मिळतो.