नव्या उडीमार कोळ्याचं वर्णन लिहायला बसण्याआधी

हातात आलेला कोळी कुठल्याच चित्राशी जुळेना, की छातीत धडधड सुरू होते. ती खुशाल होऊ द्या, फक्त लगेच नाव शोधायला बसू नका. सॉल्टिसिडी हे उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं कुळ कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं. सहा हजारांहून अधिक प्रजाती त्यात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून माहीत आहेत. उष्ण कटिबंधातल्या जंगलात नवी प्रजाती सापडणं फारसं अवघड नाही. ती नवी आहे हे पटवून देणं अवघड, आणि वर्णन म्हणजे मुळात तेच काम.

माझा पहिला ‘नवा’ नर मी दीड महिना रेखाटत होते. कुठल्याही वर्णित नराशी तो जुळत नव्हता. पण त्याच वंशातल्या एका प्रजातीची फक्त मादी एकोणिसाव्या शतकात कुणीतरी वर्णिलेली होती, तीही चार ओळींत. माझ्याकडे नर, तिकडे मादी. तुलना करायची कशाची कशाशी? पुढच्या हंगामात त्याच झुडपावर मला जोडी मिळाली. मादीचं जननांग संग्रहालयातल्या मूळ नमुन्याच्या छायाचित्रांशी तंतोतंत जुळलं. म्हणजे माझा नर जुन्याच प्रजातीचा, आजवर कुणी न पाहिलेला नर होता. तो लेख मी मनापासून लिहिला, कारण तेही तितकंच मोलाचं काम आहे. तेव्हापासून मी आधी त्या वंशातल्या सगळ्या ‘अर्धवट माहीत’ प्रजातींची यादी करते, आणि सूक्ष्मदर्शक नंतर उघडते. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या जगभरच्या कोळ्यांच्या ऑनलाइन सूचीवर नाव नोंदवलं की जुने शोधनिबंधही वाचायला मिळतात. तिथे एक-दोन आठवडे गेले तरी हळहळू नका.

जंगलात जाण्याआधी परवानगी घ्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा, लेखात तो लागतो. उलटी धरलेली छत्री फांदीखाली ठेवून काठीने दोन-तीन हलके फटके मारले की कोळी छत्रीत पडतात. जिवंतपणीच फोटो काढा. चकाकणारे खवले नुसत्या हाताळण्यानेही झडतात, आणि हिरवे-तांबडे रंग अल्कोहोलमध्ये विरून जातात. नमुना ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनएसाठी एक पाय वेगळा काढून ९५ टक्क्यांच्या वर. चिठ्ठी कुपीच्या आत हवी, आणि पेन्सिलीने लिहिलेली. मी एकदा बॉलपेनने लिहिलं होतं. महिन्याभराने कुपीत फिकट निळं पाणी आणि कोरा कागद एवढंच उरलं. कोळी सुंदर होता, पण कुठला ते सांगता येईना, म्हणून वर्णनाच्या कामाचा राहिला नाही.

फक्त पूर्ण वाढलेलेच नमुने घ्या. शेवटची कात टाकण्याआधीच्या नराचे तोंडाजवळचे आखूड पाय, म्हणजे पॅल्प, बोंडासारखे फुगलेले असतात. ते बघून नवखा माणूस फसतो, पण आत वीर्य पोहोचवणारा अवयव अजून घडलेला नसतो. असा नर जिवंत ठेवा, फळमाश्या खाऊ घाला आणि कात टाकण्याची वाट पाहा.

आता खरं काम. नराचा डावा पॅल्प बारीक चिमट्याने सोडवा. डावाच घ्यायचा प्रघात आहे, त्यामुळे सगळ्यांची चित्रं एकमेकांशी ताडता येतात. बशीत धुतलेली बारीक वाळू पसरा, वर अल्कोहोल ओता आणि पॅल्प वाळूत हवा तसा कलता रोवा. एक चित्र खालून, एक बाहेरच्या बाजूने. खालून पाहताना मधला फुगीर बल्ब दिसतो आणि त्याच्या कडेने निघालेला एम्बोलस. वीर्य मादीपर्यंत पोहोचवणारी ती नळी, कधी सुईसारखी सरळ, कधी बल्बला वेढा घातलेली. ती कुठून निघते हे घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत लिहायची रीत आहे: ‘सातच्या जागी उगम, बाराकडे टोक’. बाहेरच्या बाजूने टिबियावरचा, म्हणजे पॅल्पच्या टोकाआधीच्या खंडावरचा, हूकसारखा आकडा पाहा. पॅल्प वाळूत पाच अंशांनी जरी कलला तरी हा आकडा आखूड भासतो, म्हणून तोच पॅल्प तीनदा रोवून तीनदा काढा. फोटो जरूर घ्या, पण हाताने रेखाटल्याशिवाय राहू नका. आकड्याच्या टोकाला बारीक दाते आहेत हे मला एकदा पेन्सिल तिथे पोहोचल्यावरच दिसलं. फोटो त्याआधी वीस वेळा पाहून झाला होता.

मादीचं एपिजाइन, म्हणजे पोटाखालचं जननांग, सुईने सोडवून लवंगेच्या तेलात ठेवा. हळूहळू भोवतालच्या ऊती पारदर्शक होतात आणि आतल्या नळ्या व वीर्यकोष दिसायला लागतात. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलंत तर काम झटपट होतं, पण लक्ष हटलं की नाजूक नळ्याही फिकट होतात. माझा कौल लवंगेच्या तेलाला.

मापं मिलिमीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत: कवच, पोट, डोळ्यांच्या ओळी, पायांचे खंड. कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत उरकतं.

सगळा जीव ओता तो फरकाच्या परिच्छेदात. १९३० नंतरच्या नावांना प्राण्यांच्या नामकरण संहितेचा नियमच आहे की जवळच्यांपासूनचा फरक शब्दांत सांगितलेला हवा. नुसतं चित्र चालत नाही. ‘आकर्षक, गडद रंगाचा’ असं लिहून कुणालाच काही ओळखता येत नाही. ‘एम्बोलस बल्बच्या निम्म्याहून आखूड, जवळच्या प्रजातीत बल्बएवढा’ असं लिहा, आणि प्रत्येक फरकापुढे चित्राचा क्रमांक द्या.

नाव सगळ्यात शेवटी. विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशनावाशी जुळवा. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी बहुधा ‘ई’ लागतो, जसं २०२१ साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून ठेवलेलं आयसियस तुकारामी. एव्हार्का क्युलिसिव्होरा हे २००३ मधलं नाव तर कोळ्याचा आहारच सांगतं: डास खाणारा. १९९९ नंतरच्या नावांसाठी नावाचा आधारनमुना स्पष्ट नेमावा लागतो, शक्यतो एकच, म्हणजे होलोटाइप, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते छापावं लागतं. सोडवलेला पॅल्प छोट्या कुपीत घालून त्याच नमुन्याबरोबर ठेवा, कारण वेगळा पडला की तो कुणाचा हे सांगायला कुणी नसतं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करा आणि ती केल्याचा उल्लेख लेखातच करा.

लेख धाडण्याआधी मी एक परीक्षा घेते. नवी प्रजाती आणि तिच्या दोन जवळच्या प्रजाती अशा कुप्यांवर फक्त आकडे घालते आणि हा कोळी कधीच न पाहिलेल्या सहकाऱ्यापुढे ठेवते. सोबत माझा फरकाचा परिच्छेद आणि चित्रं, बाकी काही नाही. मी शेजारी गप्प बसते आणि तो कुठल्या वाक्यावर थबकतो ते टिपून घेते. ते वाक्य त्याच संध्याकाळी नव्याने लिहिते.