जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग ढिलं झालंय? या चुका टाळा

मारुती जिप्सीच्या स्टिअरिंगला प्ले आला, म्हणजे चाकं न वळता ते थोडं नुसतंच फिरायला लागलं, की अनेक गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो स्टिअरिंग बॉक्सवरच्या (स्टिअरिंगचे दाते ज्यात असतात त्या पेटीवरच्या) अ‍ॅडजस्टिंग स्क्रूकडे. खरं तर तो सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. आधी बॉक्सच्या बाहेर प्ले आहे का ते बघा.

चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली शिरून ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यापासून) चाकापर्यंत एकेक जोड हाताने चाचपायचा. टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) किंवा ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) यांचा एंड, म्हणजे टोकाचा जोड, गेला असेल तर बोटांना टक् असा झटका लागतो. स्टिअरिंग शाफ्टचं रबर कपलिंग आणि बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्टही याच वेळी तपासा. मग चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आवाज थांबला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन).

हे सगळं घट्ट असूनही प्ले उरला, तरच स्क्रू. ड्रॅग लिंक सोडवून घेतली तर बॉक्सचा खरा अंदाज हाताला येतो. चाकं सरळ, म्हणजे बॉक्स मधोमध, नसताना अ‍ॅडजस्ट करणं ही मोठी चूक. बॉक्सचे दाते मधोमध सर्वांत घट्ट बसतील असेच बनवलेले असतात. चाकं वळवून स्क्रू आवळला, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अडकतं. चेकनट (स्क्रूला जागेवर धरणारा नट) ढिला करा, स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा, दर वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. चेकनट आवळताना स्क्रू पेचकसाने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो.

प्ले शून्यावर आणायचा हट्ट नको. स्टिअरिंगच्या रिमवर साधारण इंचभर प्ले या गाडीत चालतो. मधे प्ले आणि टोकांकडे जड, असं होत असेल तर आतले दाते झिजलेत. तिथे स्क्रूने काही साधत नाही, बॉक्स खोलावाच लागतो. बॉक्समध्ये ग्रीस भरू नका, ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. टाय रॉड एंड बदलले असतील तर चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

शेवटी मोकळ्या मैदानात हळू चालवून बघा. वळणानंतर हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायलाच हवं. येत नसेल तर घाटात जाण्याआधी स्क्रू थोडा मागे घ्या. ढिल्यापेक्षा अडकणारं स्टिअरिंग जास्त धोक्याचं.