ताफा राखायचा की पाणबुडी शोधायची? आरमारांच्या या चुका टाळा

व्यापारी जहाजं वाचवायची तर त्यांचा ताफा करून, म्हणजे एकत्र आणि संरक्षक नौकांसह न्यायची, की आधी पाणबुड्या हुडकून बुडवायच्या? दुसरं ऐकायला पटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईवर लिहिणारे आणि पटावर ती खेळणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. ब्रिटिश आरमारानंही तेच केलं. 17 सप्टेंबर 1939 रोजी 'करेजस' ही विमानवाहू नौका आयर्लंडच्या नैर्ऋत्येला पाणबुड्यांच्या मागावर होती. यू-29 या जर्मन पाणबुडीनं तिलाच बुडवलं. पाचशेहून अधिक माणसं गेली.

समुद्र अफाट आहे, पण जहाज बुडवायचं तर पाणबुडीला जहाजापाशी यावंच लागतं. म्हणून संरक्षक नौका ताफ्याभोवती ठेवा. शत्रू तिथं आपणहून येतो.

न मोजता 'जमणार नाही' म्हणू नका. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या वसंतात, जर्मन पाणबुड्या भयंकर वेगानं जहाजं बुडवत होत्या. तरी ताफे अशक्य आहेत असंच लंडनमधले नौदलाधिकारी म्हणत राहिले, कारण आठवड्याला अडीच हजार जहाजांची ये-जा होते! कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन यांनी त्या आकड्यातल्या किनाऱ्यानं फिरणाऱ्या लहानसहान बोटी वेगळ्या काढल्या. महासागर ओलांडून येणारी जहाजं आठवड्याला 140 च्या आसपासच निघाली. मे महिन्यात ताफे सुरू झाले आणि नुकसान उतरू लागलं.

एवढा धडा समोर असूनही 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेनं पूर्व किनाऱ्यावर जहाजं एकेकटी सोडली. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवेही चालूच होते. त्या उजेडावर जहाजांच्या काळ्या आकृत्या पाणबुडीला स्वच्छ दिसत. किनाऱ्यालगत नियमित ताफे मे महिन्यात सुरू झाले. मधल्या काळात बुडालेले खलाशी अनेक देशांचे होते, आणि हे विसरता येत नाही. ब्रिटिश जहाजांवर तर रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे लोकही राबत होते.

हल्ला बाहेरूनच आला, असं धरून चालू नका. ही चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जहाजाला टॉर्पेडो लागला की संरक्षक नौका ताफ्यापासून दूर, बाहेरच्या अंगाला धावत. 1942 च्या जानेवारीत लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलाधिकारी गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी महिला नौदलातल्या तरुण मुलींना घेऊन एक डावपेच-कक्ष उभारला. फरशीवर खडूनं लढाया मांडल्या जात. संरक्षक नौकांचे अधिकारी पडद्याच्या छिद्रातून पाहात, म्हणजे समुद्रावर दिसेल तेवढंच त्यांना दिसे. पाणबुडीचा माग हिरव्या खडूचा, तो त्यांना ओळखू येत नसे. बाहेरून सोडलेल्या टॉर्पेडोनं ताफ्याच्या मधलीच जहाजं कशी लागतील, हे काही केल्या जुळेना. अखेर उत्तर सापडलं: पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूनं आत शिरत होती. पहारेकरी मागं फारसं पाहातच नसत. मारा झाला की ती बुडी मारून ताफा वरून जाऊ देई.

यावर 'रास्पबेरी' हा डाव बसवला. संरक्षक नौकांनी वळून ताफ्याच्या मागचं पाणी पिंजून काढायचं. सुरुवातीला शंका घेणारे, ताफ्यांच्या संरक्षणाचे प्रमुख अॅडमिरल नोबल हे पाहून पूर्ण बदलले.

स्फोटाची खोली. विमानातले डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, आधी 100 फुटांवर फुटत. पण विमानाला दिसते ती पृष्ठभागावरची किंवा नुकतीच बुडी मारणारी पाणबुडी. ती 100 फूट खाली जाईपर्यंत कुठं गेली, कुणाला ठाऊक? शास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी हे दाखवून दिल्यावर खोली टप्प्याटप्प्यानं 25 फुटांवर आणली.

ताफा लहान असला की सुरक्षित, हाही भ्रम. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटानं हिशेब मांडला. ताफ्याचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तरी राखायचा परीघ साधारण 1.4 पटच वाढतो. म्हणजे तेवढ्याच नौकांत जास्त जहाजं राखता येतात. 1943 मध्ये ताफे मोठे केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 41 जर्मन पाणबुड्या बुडाल्या, आणि जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झ यांनी 24 मे रोजी उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागं घेतल्या.