मारिओची उलटी लांब उडी: बीएलजे नेमका कसा लागतो

'सुपर मारिओ ६४' या गेमच्या स्पीडरनमध्ये, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या धावेत, एक दृश्य हमखास येतं. मारिओ जिन्याकडे पाठ करून उभा असतो, तोंडातून 'या-या-या-याहू'ची माळ सुटते आणि क्षणात तो जिन्याच्या टोकाला पोचलेला असतो. हा बॅकवर्ड्स लाँग जंप, म्हणजेच बीएलजे. नवीन लोकांचा समज असतो की ही सगळी बटण बडवायच्या वेगाची करामत आहे. बोटं लागतातच, पण शेवटी. त्याआधी हवेतला वेळ कमी कसा करायचा हे कळलं पाहिजे. ते कळलं की साध्या बोटांनाही बीएलजे लागतो. ते कळलं नसेल तर कितीही बडवा, मारिओ जागच्या जागी उड्या मारत राहतो.

सुरुवातीला गेमची आवृत्ती तपासा, नाहीतर आठवडा फुकट जाईल. १९९६ ची जपानी आणि अमेरिकी आवृत्ती दोन्ही चालतात. जुलै १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या शिंदोउ आवृत्तीत निन्टेन्डोने हे भोक बुजवलं. तिथे लांब उडीवरून जमिनीवर टेकताना वेग उलटा असेल तर गेम तो सरळ शून्य करतो. स्विचवरचा 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' याच आवृत्तीवर बेतलेला आहे, त्यामुळे तिथे प्रयत्नच करू नका. जुन्या कन्सोलवर खेळताना कंट्रोलर थरथरत असेल तरी समजा की शिंदोउ आहे, कारण थरथर त्याच आवृत्तीत आली.

आता चूक कुठे आहे ते बघू. लांब उडी घेताना गेम मारिओच्या वेगाला १.५ ने गुणतो आणि उत्तर ४८ च्या वर गेलं तर ४८ वर अडवतो. ही अडवणूक फक्त पुढच्या दिशेला आहे. वेग उणे असेल, म्हणजे मारिओ तोंड एका दिशेला ठेवून पाठीमागे जात असेल, तर त्याला कुणी विचारत नाही. उणे १६ चे उणे २४ होतात, मग ३६, ५४, ८१, १२१... वाटेत काहीच गळलं नाही तर दहा उड्यांत आकडा नऊशेच्या पुढे जातो.

पण हवेत वेग गळतो, आणि खरी मेख इथेच आहे. स्टिक (कंट्रोलरवरची दिशेची दांडी) पूर्ण मागे धरलेली असली तरी उलटा वेग १६ च्या पुढे गेला की हवेत दर फ्रेमला, म्हणजे गेमच्या प्रत्येक चित्राला, साधारण ०.८५ कमी होतो. स्टिक सोडली तर २.३५. गेम सेकंदाला ३० फ्रेम चालतो आणि सपाट जमिनीवरची लांब उडी जवळजवळ एक सेकंद हवेत असते. म्हणजे २४ वर निघालेला मारिओ टेकेपर्यंत परत १६ वर आलेला असतो. गुणाकाराने मिळवलं ते हवेने खाल्लं. म्हणून सपाट जागी बीएलजे लागत नाही.

जिन्यावर चित्र बदलतं. उडीचा वर जाण्याचा वेग ठरलेला असतो: पहिल्या फ्रेमला ३० एकक. मागे जाताना पाठीशी चढ असेल आणि तो चढ मारिओच्या पायांपेक्षा लवकर वर येत असेल, तर उडी सुटते न सुटते तोच पाय टेकतात. मग पुढचा गुणाकार लगेच मिळतो आणि गळतीला वेळच उरत नाही. डोक्यावर ठेंगणं छत असेल किंवा पायाखाली वर येणारी लिफ्ट असेल तरी हेच घडतं. बीएलजेची नवी जागा शोधताना एवढंच विचारायचं: इथे मारिओ हवेत किती फ्रेम राहील?

सरावासाठी किल्ल्याच्या मुख्य दालनातला जिना उत्तम. गेममधल्या बऱ्याच जागा गोळा केलेल्या ताऱ्यांवर उघडतात, पण या जिन्याला एकही तारा लागत नाही. खालच्या पायऱ्यांवर मारिओला खाली तोंड करून उभा करा, पाठ वरच्या दाराकडे. स्टिक खालच्या दिशेला किंचित ढकला, जेमतेम एक-दोन पावलं पडतील इतकीच. झेड बटण दाबा आणि धरून ठेवा. मारिओ बसून घसरू लागताच ए बटण दाबा. लांब उडी सुटली की त्याच क्षणी स्टिक उलट, जिन्याच्या वरच्या दिशेला पूर्ण खेचा. ती तशीच धरून ए बडवायला लागा. झेड शेवटपर्यंत सोडायचं नाही.

सुरुवात हळू का? लांब उडीला १० पेक्षा जास्त वेग हवा. त्याखाली असाल तर ती लागतच नाही. समजा १२ वर निघालात. उडीत त्याचे १८ होतात आणि स्टिक मागे धरली की दर फ्रेमला १.८५ कमी होत सुमारे १० फ्रेममध्ये शून्य होऊन वेग उलटतो. तेच पूर्ण धावेने, म्हणजे ३२ वरून निघालात, तर ४८ होतात. ते मोडायला २६ फ्रेम लागतात, आणि तोवर मारिओ जिना सोडून दालनाच्या मध्यावर पोचलेला असतो. नवशिक्यांचे निम्म्याहून जास्त प्रयत्न इथेच वाया जातात, आणि दोष मात्र बोटांना दिला जातो.

आता बोटांकडे येऊ. बटण दाबून धरलं तर गेम ते एकदाच मोजतो. एका फ्रेमला सुटलेलं आणि पुढच्या फ्रेमला दाबलेलं दिसलं पाहिजे, त्यामुळे सेकंदाला १५ ही वरची मर्यादा आहे. एवढं लागतही नाही. टेकल्यानंतर पुढची लांब उडी घ्यायला काही फ्रेमची मुभा असते. सेकंदाला १० दाबता आलं, म्हणजे दर तिसऱ्या फ्रेमला एक, तर संधी हुकत नाही. फक्त टेकून थांबलेल्या फ्रेममध्येही वेग थोडा झिजतो, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. लय एकसारखी ठेवा. सुरुवातीला जोरात आणि मग दमून मंद, यापेक्षा ९-१० चा स्थिर ठोका जास्त उपयोगी पडतो. अंगठ्याने थकवा येत असेल तर कंट्रोलर मांडीवर टेकवून तर्जनीने बडवा, हालचाल कोपरापासून येऊ द्या. मनगटात कळ आली तर त्या दिवसापुरतं थांबा. आपोआप बडवणारं टर्बो बटण वापरू नका. स्पीडरनच्या नियमांत ते बाद आहे.

स्टिककडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. या गेममध्ये स्टिकच्या खेचीचा वर्ग होतो: अर्धी खेचली तर जोर पाव मिळतो. निन्टेन्डो ६४ च्या जुन्या कंट्रोलरची स्टिक आतून झिजून सैल झालेली असते आणि कडेपर्यंत नेऊनही गेमला पूर्ण आकडा पोचत नाही. सगळं बरोबर करूनही वेग उलटायला उशीर होत असेल तर दुसरा कंट्रोलर लावून बघा.

दिशाही सरळ हवी. स्टिक कॅमेऱ्याच्या हिशेबाने चालते. उडीच्या मध्येच कॅमेरा फिरला तर तुमचं 'मागे' तिरकं होतं आणि मारिओ कठड्याकडे सरकतो.  म्हणून आधी कॅमेरा जिन्याच्या रेषेत आणा, मगच झेडला हात लावा.

मग दारं आणि भिंती पार कशा होतात? मारिओची एका फ्रेमची हालचाल गेम चार तुकड्यांत तपासतो. वेग ८०० असेल तर एक तुकडा २०० एककांचा, आणि दोन तपासण्यांच्या मधली भिंत गेमला दिसतच नाही.

खलनायक बाउजरशी होणाऱ्या शेवटच्या लढतीकडे नेणारा न संपणारा जिना याच सूत्राने पार होतो, आणि त्यातली गंमत फार सुंदर आहे. ७० तारे नसतील तर तिथली एक पट्टी मारिओला गुपचूप खाली आणून ठेवते, पण वेग तसाच ठेवते. म्हणजे दालनातल्या जिन्यासारख्या इथे पायऱ्या संपत नाहीत. गेमने लावलेला सापळाच तुम्हाला वेग साठवायला हवा तेवढा जिना पुरवतो. ती पट्टी फ्रेमला एकदाच तपासली जाते. वेग इतका झाला की एका फ्रेमच्या झेपेत मारिओ ती ओलांडतो, की तो सुटला. फक्त १६ तारे घेऊन गेम संपवण्याच्या धावेत आधी तळघरातल्या मिप्स सशाच्या मदतीने ३० ताऱ्यांचं दार पार करतात. तो ससा १५ तारे झाल्यावर येतो. पुढे ५० चं दार आणि हा जिना बीएलजेने.

सराव करताना वेगाचा आकडा डोळ्यासमोर असेल तर चूक लगेच सापडते. उसामुने या सराव-आवृत्तीत तो पडद्यावर दिसतो. आकडा उणे झालाच नाही तर सुरुवात फार वेगात झाली.  'याहू'ऐवजी साधी उडी निघाली किंवा मारिओ टेकून नुसता उभा राहिला तर झेड सुटलं. आणि आकडा उणे १६ ते उणे २४ च्या मध्येच घुटमळत असेल तर बोटं ठीक आहेत, मारिओ सपाटीवर टेकतोय. दोन पायऱ्या वरून सुरुवात करा.