सोलापूर ते काठमांडू, वेळ मोजायची कशी

पशुपतिनाथाला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हाच, विमानाने किती तास लागतात ओ. मागच्या वर्षी आई आणि मावशीला घेऊन गेलो तेव्हा मी तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केली आणि तिथंच चुकलो, म्हणून नीट लिहितोय.

आधी अंतर बघा. गुगल मॅपवर मुंबई एअरपोर्टवर बोट दाबून धरा, पिन पडली की अंतर मोजायचा पर्याय दिसतो, तो घेऊन नकाशा काठमांडूच्या त्रिभुवन एअरपोर्टपर्यंत सरकवा. साधारण १५९० किलोमीटर येतं. दिल्लीहून तेच ८१५ च्या आसपास, पण म्हणून दिल्लीमार्गे जवळ पडतं असं समजू नका, मुंबई-दिल्लीच ११४० च्या आसपास आहे, शिवाय मधे थांबायचे तास वेगळे. मुंबईहून डायरेक्ट मिळत असेल तर तेच घ्या.

आता वेळ. विमान वर गेलं की ताशी ८०० च्या आसपास पळतं, म्हणजे दोन तास, त्यात चढणं-उतरणं मिळून पाऊण तास टाका, पावणेतीन झाले. काठमांडूला धावपट्टी एकच आणि चारी बाजूंनी डोंगर, नंबर लागेपर्यंत विमान वरच घिरट्या घालतं. आमचं वीसेक मिनिटं फिरत होतं, मावशी खिडकीतून बघून आईला म्हणाली, "अगं ताई, हा डोंगर मगाशीच गेला की." गड्डा यात्रा उरकून जानेवारीत जाणार असाल तर सकाळचं धुकं पण धरा, दुपारचं विमान बरं. येताना पश्चिमेचा वारा समोरून येतो म्हणून थोडा वेळ जास्तच लागतो.

आणि मी चुकलो ती गोष्ट. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे, १९८६ पासून, आणि तिकिटावर सुटायची वेळ जिथून निघतो त्या गावाची, पोचायची वेळ जिथं उतरतो त्या गावाची असते. सकाळी १० ला सुटून १ वाजून १० ला पोचणार लिहिलंय तर जाताना १५ वजा करा, प्रवास २ तास ५५ मिनिटांचा. येताना उलटं, २ ला सुटून ४:५० ला मुंबई असेल तर १५ मिळवा, ३ तास ५ मिनिटं.

पण आपल्याला खरा वेळ लागतो तो सोलापूरपासून. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस साधारण आठ तास, दादरला उतरून मुंबई एअरपोर्टच्या टी-टू टर्मिनलपर्यंत तास, विमानाच्या तीन तास आधी हजर, मग तीन तास विमान आणि उतरल्यावर इमिग्रेशन-सामानाचा तास. सोळा तास झाले, गाडी लेट झाली तर म्हणून वर दोन तास मोकळे ठेवाच. सकाळी ९-१० चं विमान तर घेऊच नका, पहाटेपासून जीव टांगणीला लागतो.

काउंटरवर वेळ जाऊ नये म्हणून पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड जवळ ठेवा, १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसत्या आधारवर सोडत नाहीत. मंदिर एअरपोर्टच्या अगदी जवळ आहे, दुपारी उतरलात तर बॅगा हॉटेलवर टाकून शेंगाचटणी-कडक भाकरी खाऊन निघा, बागमतीच्या काठावरची संध्याकाळची आरती आरामात मिळते.