थडग्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत बेने इस्रायली लोकांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, जुन्या दफनभूमी आहेत. दगडावर हिब्रूसोबत आपली मराठी, आडनावंही पेणकर, किहीमकर, दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या पणतवंडांना आपण पाठवलेल्या फोटोवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक खडूची. अक्षर लागत नाही म्हणून लोक खडू, रांगोळी, अगदी तांदळाचं पीठही चोळतात. मागच्या हिवाळ्यात अलिबाग तालुक्यात माझ्यासोबत एक नवखा मुलगा होता. मी पाठ फिरवताच त्याने काळ्या दगडावरचं साल गिरवलं. "काका, बघा कसं स्पष्ट आलं!" फोटोत ठसठशीत १८११. मला पटेना. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ सहज एकमेकांत मिसळतात. दगड साध्या पाण्याने धुतला, वाळू दिला आणि पाच वाजेपर्यंत बसून राहिलो. ऊन डावीकडून दगडाला घासून जाऊ लागलं तसं तिसऱ्या आकड्याचं पुसट वळण सावलीने भरलं. ९ होता. हिब्रू ओळीतलं साल ज्यू कालगणनेचं, ५६५१. त्यातून ३७६० वजा केले की १८९१. थोडा धीर धरला असता तर ऐंशी वर्षांचा घोळ झालाच नसता. खडूचा पांढुरका डाग मात्र दगडाच्या छिद्रांत अजून आहे. गिरवताना हात आपलाच अंदाज लिहितो आणि पुढे सगळे तोच वाचतात.

मी सकाळी आठच्या आत किंवा चारनंतरच कॅमेरा काढतो. भर दुपारी अक्षरं सपाट होतात, तेव्हा झाडाखाली डबा खावा. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊन येतच नाही. त्यासाठी दीड फुटी आरसा नेतो आणि सोबत्याला बाजूला उन्हात उभं करून उजेड तिरपा पाडायला सांगतो. उजेड वरून, डावीकडून हवा. खालून पडला तर कोरलेली अक्षरं उठावाची भासतात. फोनमधलं 'शार्प' करणारं बटण याची भरपाई करत नाही.

संगमरवरावर लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर कधीही नको. आम्लाने तो विरघळतो. तारेचा ब्रश तर घरीच ठेवा. शिशाची अक्षरं गळून पडली असतील तर उरलेल्या भोकांचा जवळून फोटो घ्या, त्यांच्या रांगेवरून नाव जुळतं.

नुसता लेखाचा क्लोजअप काढून परतू नका. आधी पूर्ण दगड, मग शेजारचे दोन, मग अक्षरं.

शनिवारी जाऊ नका, तो ज्यूंचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणूनच या लोकांना गावात शनवार तेली म्हणत. थडग्यावर कुणी ठेवलेला खडा फ्रेमसाठी उचलू नका. ज्यूंमध्ये ती भेटीला येऊन गेल्याची खूण असते.

पावसाळ्यात शेवाळ खरवडण्यापेक्षा दिवाळीनंतर जा. तोवर ते वाळून बरंचसं आपोआप सुटतं.